डबीतले बारा रंग

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीची लेक अमेरिकेहून महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. वय वर्षे सतरा. एके दुपारी जेवणे आटोपून मी जरा आडवी होणार, तोच ती एक लांबट, तपकिरी मखमली डबी घेऊन शेजारी येऊन बसली.

"आजी, आईनं तिची जुनी पॅलेट मला दिलीय. मला मेकअप अजिबात येत नाही. शिकायला ही बरी आहे का गं?"

मला हसू आले. अगं, प्रश्न कोणाला विचारतेस! माझा सगळा जन्माचा मेकअप म्हणजे पावडर, कुंकू आणि घरी धरलेले काजळ. पण चौतीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवल्याचा एक दुष्परिणाम असा, की समोर कुठलीही वस्तू आली की ती कुठून आली, कशाची केली, आणि आधी काय होते, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. पुढचे दोन आठवडे मी आणि नात तिच्या लॅपटॉपसमोर बसून वाचत होतो. त्यातून जे हाती लागले ते, मंडळी, आज इथे मांडते आहे. शेवटी थोडे माझ्याविषयीही आहे. ते लिहावे की नाही यावर बरेच दिवस विचार केला.

आधी डबीविषयी. अर्बन डिके नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची ही डबी. नाव ‘नेकेड’! मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आत पापण्यांवर लावायचे बारा रंग ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाला नाव. पहिला ‘व्हर्जिन’, दुसरा ‘सिन’. पहिल्याच दोन घरांत कुमारिकेपासून पापापर्यंत मजल गेली, हे पाहून आम्ही दोघी खूप हसलो. पुढे ‘नेकेड’, ‘साइडकार’, ‘बक’, ‘हाफ बेक्ड’, ‘स्मॉग’, ‘डार्कहॉर्स’ असे करत शेवटी बंदुकीच्या लोखंडाचा करडा ‘गनमेटल’. बहुतेक सगळे दुधाळ चहा ते काळी कॉफी या टप्प्यातले. अशा रंगांना ‘न्यूट्रल’ म्हणतात, असे नातीने मला शिकवले. म्हणजे डोळ्यांवर काही लावले आहे हे चटकन कळू नये, पण डोळे मात्र उठून दिसावेत.

गंमत अशी, की ही कंपनी १९९६ साली निघाली ती गुलाबी, लाल आणि बदामी या ठरावीक रंगांविरुद्ध बंड म्हणून. जांभळे, हिरवे, गंजलेल्या पत्र्यासारखे रंग विकायला. आणि २०१० मध्ये तिचे नाव जगभर झाले ते या तपकिरी डबीने. २०१२ मध्ये लॉरियाल या बड्या फ्रेंच कंपनीने तिला विकत घ्यायचे ठरवले. पुढे या डबीच्या दोन नंबर, तीन नंबर अशा बहिणी आल्या, इतर कंपन्यांनी तशाच डब्या काढल्या, आणि २०१८ मध्ये मूळ डबीचे उत्पादन थांबवण्यात आले. एखाद्या पाठ्यपुस्तकाचेही आयुष्य साधारण एवढेच असते.

आता नातीच्या प्रश्नाकडे. शिकायला बरी का? मला रंगांतले कळत नाही, पण वापरलेली वस्तू वाचता येते. उत्खननात सापडलेल्या भांड्याची झीज पाहून ते कशाला वापरत होते ते सांगतात ना, तसे. पुतणीने ही डबी २०१२ मध्ये नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतली होती. मी बाराही खाने नीट पाहिले. ‘बक’ नावाच्या चमक नसलेल्या मध्यम तपकिरी रंगाचा तळाचा पत्रा दिसत होता. सोनेरी ‘हाफ बेक्ड’ अर्ध्यावर आलेला. गडद ‘डार्कहॉर्स’ एका कोपऱ्यातून कोरलेला. चमचमणारे बाकीचे बहुतेक रंग मात्र जवळजवळ जसेच्या तसे.

म्हणजे परीक्षा झाली की! बारा रंगांतले रोजच्या कामाला आले तीन. पापणीच्या वरच्या घडीत फिरवायला एक मध्यम तपकिरी, पापण्यांच्या केसांलगत रेघ काढायला एक गडद, आणि लग्नकार्याला मधोमध टेकवायला एक चकाकणारा. नवशिक्याला चमक नसलेले, म्हणजे मॅट रंग जास्त लागतात, कारण ते पसरवताना चुकले तरी खपून जातात. चमकीचा रंग चुकला तर दुरून दिसतो. आणि या प्रसिद्ध डबीत मॅट रंग मोजून दोन! म्हणून शिकणाऱ्यासाठी ही डबी मी शंभरापैकी पंचावन्नावर पास करीन. फर्स्ट क्लास नाही.

पण त्या दोन मॅट रंगांतला दुसरा, ज्याचे नावच डबीला दिले आहे तो ‘नेकेड’, जवळजवळ कोराच होता. मी पुतणीला फोन लावून विचारले. ती म्हणाली, "काकू, तो माझ्यावर राख फासल्यासारखा दिसायचा. दोनदा लावला नि सोडून दिला." माझी पुतणी सावळी आहे, आमच्या घरातल्या बहुतेक सगळ्यांसारखी. नेकेड म्हणजे उघडी त्वचा, पण ती कोणाची? हा प्रश्न तिथे मनात शिरला, तो अजून निघालेला नाही.

थोडे मागे जाऊ. बरेच मागे. पॅलेट हा शब्द आपण चित्रकाराच्या पाटीसाठी वापरतो, पण इजिप्तच्या इतिहासात पॅलेट म्हणजे डोळ्यांना लावायचा रंग वाटायची दगडी पाटी. इसवी सनापूर्वी चार हजारच्याही आधीपासून अशा पाट्या तिथल्या थडग्यांत मृतांबरोबर ठेवलेल्या सापडतात. कोणी माशाच्या आकाराची, कोणी कासवाच्या. वादी हम्मामात या वाळवंटी दरीतल्या गडद दगडाच्या केलेल्या. सगळ्यांत प्रसिद्ध नार्मर राजाची पाटी. इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० ची, जवळजवळ ६४ सेंटिमीटर उंच. क्विबेल आणि ग्रीन या इंग्रज संशोधकांना ती हायराकोन्पोलिस इथे १८९७-९८ च्या हंगामात मिळाली. मी ती दरवर्षी वर्गात सांगत असे. राजा शत्रूचे केस धरून गदा उगारून उभा आहे, वरच्या आणि खालच्या इजिप्तचे दोन मुकुट आहेत, वगैरे. पण एका बाजूला दोन लांब मानेचे प्राणी माना गुंफून उभे आहेत, आणि त्या मानांच्या वेटोळ्यात एक गोल खळगा आहे, तो कशाचा हे मी कधी सांगितले नाही. तो रंग खलायचा खळगा. एवढी मोठी पाटी रोजच्या वापराची नसणार, देवळातल्या विधीची असणार. पण राजाच्या विजयाची नोंद कोरायला त्या लोकांनी निवडली ती वस्तू म्हणजे आयशॅडोची डबीच! चौतीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

ते लोक लावत दोन रंग. मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा आणि गॅलेना या शिशाच्या खनिजाचा काळा. बायकाही लावत, पुरुषही, राजे आणि कारागीरही. डोळ्यांचे रोग दूर राहतात अशी श्रद्धा होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या जुन्या नळ्यांतली पूड फ्रेंच शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा त्यात निसर्गात क्वचित आढळणारे शिशाचे दोन क्षार निघाले. म्हणजे ते मुद्दाम, बऱ्याच खटपटीने तयार केले होते. २०१० मध्ये त्यांतल्याच काहींनी दाखवले, की अगदी सूक्ष्म प्रमाणात हे क्षार त्वचेच्या पेशींना रोगप्रतिकारासाठी चेतवतात. म्हणून शिसे डोळ्यांत घालावे असे नव्हे हो. शिसे विषारीच. पण जुन्या लोकांना सरसकट भोळे समजू नये, एवढे खरे.

आपल्याकडेही डोळा आधी वैद्याचा, मग शृंगाराचा. सुश्रुतसंहितेत अंजनांचे प्रकार आहेत, ती घालायच्या काडीचे, म्हणजे शलाकेचे वर्णन आहे. गुरुस्तोत्रात गुरूचे काम सांगताना ज्ञानाच्या अंजनाची काडी डोळ्यांत फिरवणारा, असेच म्हटले आहे. आणि मराठीत चूक दाखवून देण्याला आपण ‘डोळ्यांत अंजन घालणे’ म्हणतो. माझ्या लहानपणी आई एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन उपडे धरून काजळी जमवायची आणि तुपात खलून चांदीच्या डबीत भरायची. (आजचे डॉक्टर तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत काजळ घालू देत नाहीत, ते योग्यच आहे. तीट गालावर लावावी.) पण आमचा सगळा कारभार डोळ्यांच्या कडेला. पापणीवर रंग फासणे म्हणजे नाटक-सिनेमाचे काम, हे डोक्यात पक्के.

ते काही अगदीच चूक नव्हते. पापणीचा रंग आधुनिक काळात रंगभूमीवरून आणि पडद्यावरूनच घराघरांत उतरला. मॅक्स फॅक्टर हा पोलंडमधून आलेला टोप करणारा कारागीर. १९१४ मध्ये त्याने सिनेनटांसाठी पातळ लागणारा, तडे न जाणारा रंग काढला. तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटे आणि निळा पांढुरका, त्यामुळे नटांचे चेहरे भलत्याच रंगांनी माखावे लागत. फिल्म सुधारली तशी १९२८ मध्ये त्याने नवी रंगमाळ केली. मग सिनेमात दिसते ते बायकांना हवे झाले. १९६३ मध्ये एलिझाबेथ टेलरचा ‘क्लिओपात्रा’ आला आणि निळ्या पापण्यांची लाट आली. आपल्याकडे मुंबईत टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली होती. नाव दलिब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ च्या संगीतिकेवरून, आणि त्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचा फ्रेंच उच्चार! लक्ष्मी पॅरिसला जाऊन नाव बदलून मुंबईला परत आली म्हणायची. तपकिरीची खरी चलती झाली १९९० नंतर. १९९१ मध्ये बॉबी ब्राउन या रंगभूषाकार बाईंनी न्यूयॉर्कच्या एका दुकानात दहा तपकिरी झाकेच्या लिपस्टिक मांडल्या, त्याही ओठांच्या मूळ रंगाशी जुळाव्यात म्हणून. आमच्या डबीची वंशावळ ही अशी.

पण ‘मूळ रंग’ हा शब्द वाटतो तितका साधा नाही. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या खडूंच्या पेटीत एक फिकट खडू होता, त्यावर ‘फ्लेश’, म्हणजे कातडीचा रंग, असे छापलेले असे. १९६२ मध्ये त्यांनी ते नाव बदलून ‘पीच’ केले. आमच्या शाळेत मात्र मुले त्या फिकट गुलाबी खडूला ‘स्किन कलर’च म्हणत. सगळा वर्ग सावळा-काळा, आणि चित्रातली आई, बाबा, शेतकरी सगळे पीच! मी स्वतः कित्येक वह्यांवर ‘सुंदर’ असा शेरा दिला आहे. काळ्या स्त्रियांना दुकानात आपल्या रंगाचे काही मिळत नाही म्हणून युनिस जॉन्सन यांनी १९७३ मध्ये ‘फॅशन फेअर’ काढली. आणि २०१७ मध्ये रिहाना या गायिकेने चेहऱ्याच्या रंगाच्या एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा बाकीच्या कंपन्यांची धावपळ उडाली. तेव्हा न्यूट्रल रंग असा कुठे ठेवलेला नसतो. डबी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा आहे, त्यावर ते ठरते.

आता डबीत असते काय? नातीने मागचे बारीक अक्षर वाचून दाखवले. अभ्रक, शंखजिरे, टायटॅनियमचे पांढरे भस्म, आणि लोहाची ऑक्साइडे: लाल, पिवळे, काळे. लोहाचे लाल ऑक्साइड म्हणजे काय हे ठाऊक आहे? गेरू! तुळशीवृंदावनाला आणि चुलीला लावायचा तोच. अर्थात सौंदर्यप्रसाधनांत कारखान्यात केलेले शुद्ध ऑक्साइड वापरतात, कारण जमिनीतल्या मातीत शिसे, आर्सेनिक असू शकते. पण जात तीच.

आणि अभ्रक म्हटल्यावर मी दचकले. "अभ्रकासाठी प्रसिद्ध: कोडर्मा" हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. तेव्हा ते बिहारमध्ये होते, २००० पासून झारखंडमध्ये. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच खाणी बंद झाल्या, आणि गावकरी जुन्या खाणींतून, ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचू लागले. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. वेचायला लहान मुलेही असतात. २०१६ मध्ये तिथे ढिगाऱ्यांखाली मुले दगावल्याचे आणि ते दडपले जात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी प्रसाधनांच्या आणि रंगांच्या कंपन्यांनी मिळून यावर लक्ष ठेवायला पॅरिसमध्ये एक संस्था स्थापन केली. आमच्या या डबीतले अभ्रक कुठले ते मला ठाऊक नाही, म्हणून तिच्यावर आरोप करत नाही. पण पापणीवरची चमक कोणाच्या हातांनी वेचलेली असेल, हे विचारायला हवे, आणि मी तर कोडर्माच्या पुढे एक मार्काचे उत्तर एवढेच शिकवले.

गेरूपाशी मी मघाशी थांबले, त्याला कारण आहे.

१९८६ साल. इयत्ता नववी, तिसरा तास. मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी दोन्ही पापण्यांवर तांबूस तपकिरी रंग लावून आली होती. मी फळ्यावर लिहिता लिहिता वळले आणि म्हणाले, "काय गं, नाटकात काम मिळालं वाटतं?" वर्ग हसला. वर्ग हसला की शिक्षकाला चेव येतो, हे मी अनुभवाने सांगते. मी म्हणाले, "जा, नळावर धुऊन ये, मगच बस."

ती गेली आणि धुऊन आली. डाव्या पापणीवर अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा डाग होता. कोड. वर्ग एकदम गप्प झाला. ती खाली मान घालून बसली आणि मी पुढचा मुद्दा सांगायला घेतला. मी खरेच तसे केले. पुढचा मुद्दा सांगितला.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. भांडायला नाही. हळू आवाजात म्हणाली, "बाई, वृंदावनाचा गेरू खोबरेलात खलून लावते ती. कातडीशी जुळतो म्हणते. दोन्ही डोळ्यांना लावते, म्हणजे एकाकडेच कोणी बघत नाही." मी काय उत्तर दिले असेल? "शाळेचा नियम आहे, रंग लावता येत नाही." झाले. ती मुलगी दहावीपर्यंत शाळेत होती. तिने पुन्हा गेरू लावला नाही आणि वर्गात आपणहून कधी बोलली नाही.

त्या चौदा वर्षांच्या पोरीने जे केले, ते तिच्या आधी एका अमेरिकन बाईने केले होते, हे मला या दोन आठवड्यांत कळले. लिडिया ओलिअरी यांच्या चेहऱ्यावर जन्मापासून जांभळा डाग होता. त्यांनी तो झाकणारे, त्वचेशी जुळणारे मलम तयार केले आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या बुद्धीचे कौतुक झाले. आमच्या मुलीने घरच्या वृंदावनापाशी तेच शोधून काढले. कुठल्याही डबीत तिचा रंग नव्हता, म्हणून तिने तो स्वतः खलला. न्यूट्रल या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला दुसरीकडे कुठे भेटला नाही. तिला उठून दिसायचे नव्हते. तिला फक्त इतर चाळीस मुलींसारखे बाकावर बसायचे होते. आणि जिने डोळ्यांत अंजन घालायचे, तिने ते नळावर धुवायला लावले.

हे मी नातीला सांगितले. तिने विचारले, "मग तू तिला सॉरी म्हणालीस?"

"नाही."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून तिने डबीचे झाकण लावले.

तर नातीला मी दिलेला निकाल असा. ही जुनी डबी शिकायला नको. एक तर त्यात मॅट रंग कमी. दुसरे म्हणजे डोळ्यांना लावायची पूड उघडल्यावर दीड-दोन वर्षांत टाकावी, आणि हिला दहा वर्षे उलटून गेली. चार रंगांची छोटी डबी घ्यावी, तीन मॅट आणि एक चमकीचा. ‘न्यूट्रल’ हे नाव वाचून घेऊ नये, आपल्या पापणीवर उजेडात लावून पाहावा. राखेसारखा दिसला तर तो आपला नव्हे, त्यात आपल्या कातडीचा दोष नाही. ब्रश दर आठवड्याला धुवावा. आणि हो, गेरू वृंदावनालाच ठेवावा. डोळा नाजूक असतो.

तिने पेठेतून तशी छोटी डबी आणली आणि जायच्या आदल्या दिवशी माझ्याही पापण्यांवर तपकिरी रंग लावून दिला. आरशात पाहिले तर लावला आहे हे कळतसुद्धा नव्हते. वयाच्या पंचाहत्तरीत पापणीला पहिल्यांदा रंग लागला!

ती विद्यार्थिनी आज पन्नाशी ओलांडलेली असेल. तिचे नाव मला नीट आठवते, पण इथे लिहीत नाही. तो हक्क मला नाही. आमच्या गावच्या, त्या वर्षांच्या कोणी माजी विद्यार्थिनी हे वाचत असतील आणि तिचा ठावठिकाणा माहीत असेल, तर तिला एवढाच निरोप द्यावा, की बाईंचे चुकले होते, आणि ते बाईंना तेव्हाच कळले होते.

असो. जुनी डबी नात इथेच ठेवून गेली आहे. तिच्या पाठीवर मी पट्टी चिकटवून ‘२०१२’ असे लिहिले आणि ती आईच्या काजळाच्या चांदीच्या डबीशेजारी कपाटात ठेवली आहे.